तेच रीळ, पुन्हा एडिट टेबलवर

अमेरिकन माहितीपटकार रॉस मॅकएल्वी यांचा ‘शर्मन्स मार्च’ (१९८६) सुरू होतो तो अगदी सरकारी वळणाच्या माहितीपटासारखा. पडद्यावर अमेरिकेच्या दक्षिणेचा नकाशा येतो आणि एक भारदस्त आवाज सांगू लागतो, की यादवी युद्धात, १८६४च्या नोव्हेंबरात, उत्तरेच्या सैन्याचा जनरल शर्मन याने अटलांटा जाळलं आणि सुमारे साठ हजार सैनिक घेऊन तो समुद्रापर्यंत सगळं बेचिराख करत गेला. मग तो आवाज थबकतो. पुन्हा एकदा वाचू का, असं काहीसं विचारणं ऐकू येतं. त्यानंतर बोलतो तो स्वतः दिग्दर्शक. शर्मनच्या स्वारीचे व्रण आज दक्षिणेत कुठे दिसतात यावर चित्रपट करायला त्याला अनुदान मिळालंय, पण निघायच्या तोंडावरच प्रेयसी सोडून गेली आहे आणि तो एका रिकाम्या घरात बसून आहे.

पुढचे अडीच तास तो शर्मनच्या वाटेने फिरतो खरा, पण कॅमेरा वळतो तो वाटेत भेटणाऱ्या स्त्रियांकडे. एक होतकरू नटी, एक भाषाशास्त्रज्ञ, एक गायिका, एक अण्वस्त्रविरोधी कार्यकर्ती, एक वकील. हातात इतिहासाचं अनुदान आणि चित्रपट स्वतःच्या एकटेपणाचा. १९८७ साली सनडान्स महोत्सवात त्याला माहितीपटासाठीचं परीक्षकांचं सर्वोच्च पारितोषिक मिळालं आणि २००० साली अमेरिकेच्या नॅशनल फिल्म रजिस्ट्रीत, म्हणजे जतन करण्याजोग्या चित्रपटांच्या यादीत, त्याची नोंद झाली. मॅकएल्वींचं नाव झालं ते इथे.

पण नाव ज्याने झालं त्या चित्रपटापेक्षा त्यांची पन्नासेक वर्षांची कारकीर्द सलग पाहणं जास्त शिकवणारं आहे. वडील, बायको, मुलगा, जुनी मैत्रीण ही माणसं एका चित्रपटातून दुसऱ्यात येत राहतात. नुसती माणसंच नाही, तर तेच शॉट पुन्हा येतात, आणि दर वेळी त्यांचा अर्थ पालटलेला असतो. स्वतःच्या आयुष्यावर माहितीपट करू पाहणाऱ्यांना मला इतकंच सांगायचं आहे, की शूटिंग हा या कामाचा सगळ्यात लहान भाग आहे. फूटेज जपणं, वाट पाहणं आणि मग त्याच फूटेजवर नव्याने बोलणं यातच हयात जाते.

ही रीत आली कुठून? मॅकएल्वी १९४७ साली नॉर्थ कॅरोलिनातल्या शार्लट शहरात जन्मले. वडील शल्यविशारद, भाऊही पुढे त्याच वाटेने गेला. हे मात्र ब्राउन विद्यापीठातून सर्जनशील लेखन शिकून मॅसॅच्युसेट्समधल्या एमआयटीच्या फिल्म विभागात दाखल झाले. तिथे रिचर्ड लीकॉक आणि एड पिंकस शिकवत होते. ‘शर्मन्स मार्च’च्या सुरुवातीचा तो भारदस्त आवाज लीकॉक यांचाच आहे. १९६०च्या आसपास खांद्यावरचा सोळा एमएम कॅमेरा आणि बरोबर नेता येईल असा टेपरेकॉर्डर यांची सांगड घालून ज्यांनी अमेरिकन माहितीपट स्टुडिओबाहेर काढला, त्यांतले ते एक. त्या मंडळींचे नियम कडक होते. निवेदन नको, मुलाखत नको, कॅमेऱ्यात कुणी पाहायचं नाही, आपण भिंतीवरच्या माशीइतकंच हजर असायचं.

पिंकस यांनी हे नियम मोडले. १९७१ ते १९७६ अशी पाच वर्षं त्यांनी स्वतःचा संसार चित्रित केला. लग्न, लग्नाबाहेरचे संबंध, लहान मुलं, मित्रांची आजारपणं, काहीच वगळलं नाही. चित्रण झाल्यावर लगेच संकलनाला बसायचं नाही, हेही त्यांनी आधीच ठरवून टाकलं होतं. तीन तासांहून मोठा तो चित्रपट लोकांपुढे आला तो १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला. ही मधली वर्षं आळसाची नव्हती. ज्या भांडणात आपण स्वतः एक बाजू आहोत ते भांडण त्याच वर्षी कापायला बसलो, तर आपलीच वाक्यं शिल्लक राहतात. चार-पाच वर्षांनी समोरच्याचं म्हणणंही ऐकू येतं.

आता प्रत्यक्ष कामाकडे येऊ, कारण या चित्रपटांचा सूर त्यांच्या यंत्रसामग्रीतून घडलेला आहे.

सोळा एमएम फिल्मच्या एका फुटात चाळीस फ्रेम असतात. सेकंदाला चोवीस फ्रेम धरल्या तर मिनिटाला छत्तीस फूट फिल्म जाते. मॅगझीनमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याला जोडायच्या फिल्मच्या पेटीत, चारशे फुटांचं रीळ बसतं, म्हणजे अकरा मिनिटं. अकरा मिनिटांनंतर कॅमेरा आंधळा. तेव्हा मॅगझीन उतरवायचं, उजेड न शिरणाऱ्या चेंजिंग बॅगेत घालायचं, बॅगेच्या दोन्ही चेन लावायच्या, बाह्यांतून हात आत घालून चाचपत चित्रण झालेली फिल्म डब्यात बंद करायची आणि नवी भरायची. फिल्मचं लूप, म्हणजे आत सोडलेलं ढिलं वळण, लहान पडलं तर चित्र थरथरतं, मोठं झालं तर आत घासून ओरखडे उमटतात. त्यानंतर गेट चेक. गेट म्हणजे फिल्मवर चित्र उमटतं ती चौकट. लेन्स काढून टॉर्चच्या उजेडात बघायचं, की फिल्मचा कपचा किंवा बारीक केस अडकलेला नाही ना. तो राहून गेला, तर पुढच्या अकरा मिनिटांच्या प्रत्येक फ्रेममध्ये तो कडेला वळवळत राहतो.

हे सगळं मदतनीस करत असेल तर दोन मिनिटांत उरकतं. मॅकएल्वींनी मदतनीसच ठेवला नाही. कॅमेरा खांद्यावर, टेपरेकॉर्डर अंगावर, माइक कधी कॅमेऱ्यावर तर कधी समोरच्याच्या कपड्याला. यामागे पैशांची ओढाताण होतीच, पण मोठं कारण वेगळं आहे. आपले वडील आपल्याशी जसे बोलतात तसे ते ध्वनिमुद्रक आणि फोकस सांभाळणारा मदतनीस यांच्यासमोर बोलणार नाहीत. खोलीत तिसरा माणूस आला की घर संपतं आणि सेट सुरू होतो.

एकट्याने शूट करताना हात दोनच असतात, त्यामुळे शूटिंगच्या रीतीही त्याला धरूनच ठरवाव्या लागतात. झूमच्या नादी लागायचं नाही. दहा एमएमच्या वाइड लेन्सचं अ‍ॅपर्चर (उजेड आत घेणारं छिद्र) एफ-चारवर ठेवून फोकस सहा फुटांवर लावला, तर साधारण तीन फुटांपासून पुढचं सगळं स्वच्छ येतं. मग फोकसच्या रिंगला हात लावावा लागत नाही आणि लक्ष बोलण्यात राहतं. माणूस मोठा हवा असेल तर आपणच दोन पावलं पुढे जायचं. वाइड लेन्समुळे हाताचा हादराही कमी दिसतो. व्ह्यूफाइंडरला एक डोळा लावला तरी दुसरा उघडा ठेवायची सवय करावी लागते. एकतर फ्रेमबाहेरून कोण येतंय ते कळतं, आणि समोरच्याला बोलायला निदान एक डोळा तरी मिळतो. दोन्ही डोळे झाकले की समोरचा यंत्राशी बोलू लागतो, आणि ते आवाजात लगेच ओळखू येतं.

बोलायचं मात्र आपणही. जुन्या शिस्तीतल्या लोकांना हे पटत नव्हतं. पण कॅमेऱ्यामागचा माणूस मुलगा असेल, नवरा असेल, मित्र असेल आणि तरी गप्प बसला, तर त्या गप्प बसण्यानेच दृश्य खोटं होतं. मॅकएल्वींच्या चित्रपटांत लोक सरळ लेन्सकडे पाहून त्यांना झापतात. त्यांची जुनी शिक्षिका-मैत्रीण शार्लीन स्वान्सी हिच्यावरच त्यांनी सुरुवातीच्या काळात एक चित्रपट केला होता. ‘शर्मन्स मार्च’मध्ये ती त्यांचं लग्न जमवायला उत्साहाने पुढे सरसावते, आणि हा पठ्ठ्या कॅमेरा खाली ठेवत नाही म्हटल्यावर वैतागून म्हणते, की अरे, बंद कर ते, ही कला नाही, हे आयुष्य आहे. हा शॉट चित्रपटात ठेवला म्हणून मला मॅकएल्वींचा भरवसा वाटतो. स्वतःवरचा सगळ्यात रास्त आक्षेप त्यांनी दुसऱ्याच्या तोंडून, जसा आला तसा ठेवला.

ध्वनीची कटकट निराळी. चित्र फिल्मवर, आवाज पाव इंची टेपवर. दोघांचा वेग क्वार्ट्झ क्रिस्टलने बांधलेला, त्यामुळे मध्ये केबल लागत नाही, पण दोन्ही सुरू कधी झाले हे कुठेतरी उमटलेलं हवं. मोठ्या युनिटमध्ये त्यासाठी आपटायची क्लॅपची पाटी असते. एकटा माणूस कॅमेऱ्यासमोर स्वतःच माइकवर बोटाने टिचकी मारतो. ती टिचकी चित्रात दिसते, टेपवर ऐकू येते, काम झालं. भावाने अचानक काही बोलायला सुरुवात केली तर टिचकीलाही सवड नसते. मग संकलनाच्या वेळी ओठ पाहायचे. प, ब, म या अक्षरांना ओठ मिटतात. तशी फ्रेम शोधायची, टेपवरचा तो आवाज शोधायचा आणि दोन्ही जुळवायचे. दार आपटणं, टेबलावर कप ठेवणं हेही चालतं. एक फ्रेम इकडेतिकडे झाली तर बहुतेकांना कळत नाही, तीन फ्रेम चुकल्या की माणूस डब केल्यासारखा दिसतो.

आणि निघण्यापूर्वी त्या खोलीची शांतता एक मिनिट मुद्रित करून घ्यायची. फ्रिजची घरघर, दूरचा रस्ता, पंखा. घरातला प्रत्येक कट या शांततेवर झाकला जातो. हे मिनिट राहून गेलं तर घरीदारी केलेल्या चित्रपटात प्रत्येक कटला आवाज ठेचकाळतो, आणि वर्षभराने तीच शांतता मिळवायला गेलं तर फ्रिजही बदललेला असतो.

तंत्राची ही जुळवाजुळव एकदा अंगवळणी पडते. निवेदन मात्र कितीही चित्रपट केले तरी सोपं होत नाही. मॅकएल्वींचं निवेदन ऐकताना वाटतं, की हा माणूस आत्ताच, शॉट पाहता पाहता बोलतोय. तसं वाटावं यासाठी केवढी घासाघीस लागते! आधी दृश्यं मुक्यानेच एका क्रमात लावायची. जिथे अजिबात अर्थ लागत नाही तिथेच ओळ लिहायची. साध्या माइकवर ती कच्ची वाचायची, लावून बघायची, कापायची, पुन्हा लिहायची. दहा सेकंदांच्या शॉटवर वीस शब्दांहून जास्त गेले की प्रेक्षक बघायचं सोडून ऐकू लागतो. चित्रात जे दिसतंय ते बोलायचं नाही. ‘वडील खुर्चीत बसलेत’ हे दिसतंच. न दिसणारी गोष्ट बोलायची: त्या सकाळी कशावरून अबोला होता, किंवा हा शॉट घेतल्यावर किती आठवड्यांनी काय घडलं. समोरचा माणूस बोलायला तोंड उघडणार असेल तर त्याआधी अर्धा सेकंद आपण गप्प झालेलं बरं. अंतिम मुद्रणात नेमकं हेच बिघडतं. कच्च्या वाचनातली अडखळ खरी असते, स्टुडिओत आवाजाला नाट्य चढतं. पुष्कळदा कच्चं वाचनच ठेवावं लागतं, थोडी खरखर सोसून.

इथेच पडद्यावरचा ‘मी’ घडतो. तो शूटिंग करणाऱ्यापेक्षा वयाने मोठा असतो, त्याला पुढचं माहीत असतं. मराठीत आत्मचरित्राची परंपरा एवढी भक्कम आहे, की लिहिणारा ‘मी’ आणि भोगणारा ‘मी’ यांतलं अंतर आपल्या वाचकाला समजावून सांगावं लागत नाही. चित्रपटात ते अंतर ऐकूच येतं. चित्र तेव्हाचं, आवाज आत्ताचा.

‘टाइम इंडेफिनिट’ (१९९३) पाहावा तो यासाठी. दरवर्षी सगळं कुटुंब जमतं तशा एका मेळाव्यात मॅकएल्वी आणि त्यांची वाग्दत्त वधू लग्न ठरल्याचं जाहीर करतात, आणि ऐन त्याच वेळी कॅमेऱ्याची बॅटरी मान टाकते. बॅटरी अशी एकदम दगा देत नाही. मोटरचा आवाज आधी जड होतो, वेग घसरतो, चित्रातल्या हालचाली भराभर होऊ लागतात. जोडीची दुसरी बॅटरी चार्ज करून खिशात ठेवणं हाच त्यावर उपाय, आणि घरच्या कार्यात नेमकं तेच विसरलं जातं, कारण त्या दिवशी आपण पाहुणेही असतो. पुढे चित्रपट काळवंडत जातो. गर्भपात होतो, लग्नानंतर थोड्याच काळात वडील अचानक जातात. हे दोन्ही प्रसंग कॅमेऱ्यात नाहीत, असणंही बरं दिसलं नसतं. मॅकएल्वी काय करतात, तर वडिलांचं जुनं फूटेज काढतात. त्यातलं काही ‘बॅकयार्ड’ (१९८४) या चाळीस मिनिटांच्या चित्रपटाच्या वेळचं. तिथे वडील मुलाच्या या उद्योगाकडे जरा साशंकपणे बघणारे, करड्या शिस्तीचे डॉक्टर होते. आता तेच वडील, तेच घर आणि तेच अंगण, पण बघणारा मुलगा पोरका आहे. शॉटची एक फ्रेमसुद्धा बदललेली नाही.

आणखी दहा वर्षांनी ‘ब्राइट लीव्ह्ज’मध्ये (२००३) वडील पुन्हा येतात. तेव्हा निवेदन वेगळीच कबुली देतं: ही दृश्यं जितक्यांदा पाहावीत तितके वडील कमी खरे वाटू लागलेत, जणू एखादं काल्पनिक पात्र. फूटेज जपल्याने माणूस जपला जातो अशी आपली भाबडी समजूत असते. एडिट टेबलवर तोच शॉट शेकडो वेळा पुढेमागे फिरवणाऱ्याला ठाऊक असतं, की ज्याला हे फूटेज नव्हतं त्याच्यापाशी वडिलांची आठवण कदाचित जास्त ओली असेल. ही किंमत कुठल्याच अंदाजपत्रकात मांडलेली नसते.

‘ब्राइट लीव्ह्ज’मधून आणखी एक धडा घेण्यासारखा आहे. पणजोबा तंबाखूचे मोठे व्यापारी, त्याच धंद्यातल्या ड्यूक घराण्याशी झालेल्या झगड्यात धुळीला मिळालेले. १९५०चा गॅरी कूपर यांचा एक हॉलिवूडपट पणजोबांच्याच आयुष्यावर बेतला आहे, अशी घरातली समजूत. चित्रपट त्या धाग्यावर उभा राहतो. शेवटाकडे मूळ कादंबरीच्या लेखकाच्या पत्नीकडून कळतं, की तसं काही नाही. सारा डोलारा कोसळतो. एखादा घाबरट दिग्दर्शक ती मुलाखत गुपचूप वगळता किंवा सगळा चित्रपट नव्याने बांधता. मॅकएल्वींनी ती जिथे घडली तिथेच ठेवली. प्रेक्षकही दीड तास त्यांच्याबरोबर त्या समजुतीवर विसंबलेला असतो, म्हणून तिचं तुटणं त्यालाही लागतं. गृहीतक मोडलं तर मोडल्याच्या जागी ठेवावं, हे शोधप्रबंधात चालणार नाही, इथे चालतं.

पैशांचं थोडक्यात. या प्रकारावर घर चालत नाही. मॅकएल्वी १९८६ साली हार्वर्डमध्ये शिकवू लागले, अनुदानं मिळाली, टीव्ही वाहिन्यांनी काही चित्रपटांत पैसा घातला. ‘सिक्स ओक्लॉक न्यूज’ सार्वजनिक वाहिनीच्या ‘फ्रंटलाइन’ या मालिकेत दाखवला गेला. दोन चित्रपटांमध्ये पाच-सहा वर्षांचं अंतर त्यांच्याकडे नेहमीचंच. दर वर्षी काहीतरी लोकांपुढे यायलाच हवं असं ज्याला वाटतं त्याने या वाटेला जाऊ नये.

जतनाचं मात्र थोडक्यात सांगून भागत नाही. अ‍ॅसिटेट या प्लास्टिकवरची फिल्म दमट हवेत कुजू लागली की व्हिनेगरचा वास येतो. चुंबकीय लेप असलेल्या ध्वनिफिल्मला हा रोग आणखी लवकर लागतो, आणि एका डब्याचा दुसऱ्याला लागतो. वास आलेला डबा आधी वेगळा काढायचा. आपल्याकडच्या मुंबई-कोकणच्या हवेत तर कपाटात ठेवलेल्या फिल्मची खात्री देताच येत नाही. जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्यांच्या मिनी-डीव्ही कॅसेट ज्यांच्या घरात पडून आहेत, त्यांनी चालू स्थितीतला कॅमेरा मिळेपर्यंत थांबू नये, तो आजच शोधावा. तासाभराच्या कॅसेटला साधारण तेरा जीबी लागतात आणि ती उतरवायला तासच जातो, घाई करता येत नाही. नुसती पडून असलेली हार्ड डिस्कही एक दिवस फिरत नाही. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, एक दुसऱ्या घरी. फाइलच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. ‘आईबाबा फायनल नवीन’ असं नाव दिलेलं फूटेज वीस वर्षांनी सापडत नाही.

राहता राहिला संमतीचा प्रश्न, आणि तो सगळ्यात अवघड. रिलीज फॉर्मवर, म्हणजे चित्रण वापरायच्या परवानगीपत्रावर, सही घेता येते, घ्यावीच. त्यात चित्रपट कुठे कुठे दाखवला जाईल, किती काळासाठी, पैसे मिळणार की नाही, हे स्पष्ट लिहावं. पण घरच्या माणसाची सही आणि संमती या दोन गोष्टी आहेत. बायको सही करते कारण नाही म्हटलं तर वर्षभर घरात ताण राहील. मुलाच्या वतीने तर आपणच सही करतो, म्हणजे परवानगी मागणाराही बाप आणि देणाराही बाप. म्हणून मुलाला एकदाच विचारून भागत नाही. शाळेत जाऊ लागल्यावर, पौगंडात आल्यावर, सज्ञान झाल्यावर त्याला ते फूटेज दाखवून पुन्हा विचारावं. रफ कट, म्हणजे कच्चं संकलन, घरच्यांना दाखवताना लोकांच्या घोळक्यात दाखवू नये. एकेकट्याला दाखवावा, काढायला सांगितलेला शॉट त्यांच्यासमोर टिपून घ्यावा आणि वाद आठ दिवसांनी घालावा.

मॅकएल्वींचा मुलगा एड्रियन याचा जन्म ‘टाइम इंडेफिनिट’च्या अखेरीस होतो. ‘ब्राइट लीव्ह्ज’मध्ये तो बापाबरोबर समुद्रकिनारी असतो. ‘फोटोग्राफिक मेमरी’मध्ये (२०११) तो विशीतला आहे, सतत पडद्यात डोकं घातलेला, बापाला परका वाटणारा, आणि आता स्वतःही कॅमेरा चालवणारा. बाप त्याला समजून घ्यायला आपलं विशीतलं वय शोधत फ्रान्समधल्या ब्रिटनीत जातो. तिथे एका लग्नाच्या फोटोग्राफरच्या हाताखाली त्यांनी काम केलं होतं. हा त्यांनी डिजिटलवर चित्रित केलेला पहिला चित्रपट. अकरा मिनिटांची मर्यादा गेली आणि बाप-लेकांचं भांडण न थांबता चालू शकलं.

त्यानंतर चौदा वर्षं काहीच नाही. २०२५ साली व्हेनिस महोत्सवात ‘रीमेक’ आला. एड्रियन अमली पदार्थांच्या अतिसेवनाने गेला होता, आणि बापाकडे त्याच्या जन्मापासूनचं फूटेज होतं. आता पुन्हा विचारायला तो नव्हता.

अशा फूटेजवर काम करायची वेळ कुणावर आलीच, तर एक गोष्ट पाळावी. जुन्या चित्रपटांतलं निवेदन त्या दृश्यांवरून पुसू नये. पोराच्या खोड्यांवर तेव्हा हसत बोललेला बाप अजाण होता, आणि त्या अजाणपणाला दुसरा साक्षीदार नाही. नवा आवाज वेगळ्या ट्रॅकवर मुद्रित करावा, प्रत्येक मसुद्याला तारीख घालावी, जुना ट्रॅक कुलूपबंद ठेवावा, आणि कुठे कोणता वाजवायचा ते आवाजांवर नाही तर चित्रावर ठरवावं. जिथे दोन्ही खोटे वाटतील तिथे त्या खोलीची मुद्रित केलेली शांतता लावावी.